पडजिभेमागची फट

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा क्लॅरिनेटवाल्याला वाटलं, नळाला हवा आली. स्स्स्, अशी बारीक, ओलसर शीळ. वाजवणं थांबवून तो स्वयंपाकघरात गेला, नळ पिळून घट्ट केला आणि परत येऊन स्टँडसमोर उभा राहिला. ओळ पुन्हा धरली. सूर लांबला, गोल झाला, आणि त्या गोल सुराच्या पोटातून पुन्हा तेच. स्स्स्.

"अगं, तो नळ बघ गं जरा!"

"काय बघू? पाणी सकाळी आठलाच गेलंय," आतून बायको म्हणाली.

क्लॅरिनेटवर एक स्वर असा असतो की त्याला बोटंच लागत नाहीत, नुसतं फुंकायचं. त्याने तो स्वर धरला, डावा हात वाद्यावरून सोडवला आणि नाकाखाली नेला. बोटांना गरम वारा लागला.

भर सकाळचे अकरा वाजलेले, खिडकीतून स्वच्छ ऊन आलेलं, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. अशा वेळी भुताला सुद्धा कुणी घाबरत नाही. पण सत्तावन्न वर्षांचा हा माणूस असा घाबरला की पलंगाच्या कडेला हळूच टेकला, जणू जोरात बसला तर आणखी काहीतरी निसटेल.

नाकातून हवा गेली तर गेली, सर्दी झाली असेल, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण हा कोण होता ते आधी ऐका, म्हणजे त्याची पाचावर धारण का बसली ते कळेल.

ह्याचा मामा अग्निशमन दलाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बँड आणि बंब एकाच शेडमध्ये. भोंगा झाला की बँडवाले वाद्यं बाकावर टाकून बंबावर चढायचे. पुढे मामाला बढती मिळून तो बंबाचा ड्रायव्हर झाला, हात स्टिअरिंगवर अडकले, आणि क्लॅरिनेट नऊ वर्षांच्या भाच्याकडे आलं. आई म्हणाली, "गच्चीवर जाऊन फुंक, घरात माणसं राहतात." वर्षभरात गच्चीवरची कबुतरं शेजारच्या इमारतीत राहायला गेली, असं शेजारचे अजून सांगतात, आणि त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे ते सांगत नाहीत.

संगीतशाळेत त्याला जे सर मिळाले ते काडीसारखे होते. त्यांची शिकवायची तऱ्हा एकच. वहीतला चतकोर कागद भिंतीला लावायचा, हात काढायचा, आणि नुसत्या फुंकरीने तो भिंतीला चिकटवून धरायचा. कागद पडला की त्या दिवशी वाद्याला हात लावायचा नाही, घरी जायचं. पहिले दोन महिने हा रोज घरी गेला. पंधराव्या वर्षी कागद चाळीस सेकंद भिंतीवर राहू लागला, तेव्हा सरांनी पहिल्यांदा ह्याच्याकडे माणूस म्हणून बघितलं.

मग वाद्यवृंदात दुसऱ्या खुर्चीवर नऊ वर्षं. दुसरी खुर्ची म्हणजे पहिल्याला खोकला येण्याची वाट बघत बसायची जागा. पहिल्याला खोकला कधी आला नाही. त्याला आली ती गालगुंडं, त्याच्या वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी दोन वाजता. गालगुंडांनी आजवर जगात कुणाचं भलं केलं असेल तर ते ह्याचं. संध्याकाळी हा पुढे येऊन उभा राहिला आणि वाद्यवृंदासमोरची मोठी सोलो रचना वाजवून गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात टीकाकाराने लिहिलं, 'हा माणूस श्वास घेत नाही.'

झालं. तेच त्याचं नाव, तीच त्याची कीर्ती. त्या रचनेच्या मधल्या संथ भागात एक ओळ आहे, ती वाजवताना सगळे दोनदा श्वास घेतात, घाबरट तीनदा. हा एकदाही घेत नसे. पाय जमिनीला, डोळे मिटलेले, आणि सूर शून्यातून यायचा तो परत शून्यात जाईपर्यंत अखंड. लोक घड्याळं घेऊन येऊ लागले. त्याच्याबरोबर आपणही श्वास धरायचा अशी तिसऱ्या रांगेत टूमच निघाली, आणि एक बाई त्यात चक्कर येऊन पडल्या. त्या उपाशीपोटी आल्या होत्या असं त्यांची जाऊ सांगते, पण जावेचं कोण ऐकतं.

ह्या रचनेला तो घरात 'लांबडी' म्हणायचा. त्याच्या सगळ्याच रचनांना अशी घरची नावं होती. सारखं वर-खाली पळवणारी ती 'जिना'. एकट्याने वाजवायची, मध्येच उडी मारणारी आणि मध्येच दबा धरून बसणारी ती 'मांजर'. चार तंतुवाद्यांबरोबरची ती 'चार शहाणे आणि एक फुंक्या'. ही नावं ठेवली होती त्याने आणि पियानोवालीने मिळून. पियानोवाली संगीतशाळेपासूनची वर्गमैत्रीण, सव्वीस वर्षं त्याला साथ करणारी, वाट्टेल तसं बोलणारी. ह्या दोघांबद्दल गावाने काय काय बोलून घेतलं! बायकोच्या कानावर आलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "त्यांची भांडणं ऐका एकदा दाराबाहेरून. इतकं वाईट तर आम्ही नवरा-बायकोसुद्धा भांडत नाही."

तर असा हा श्वास न घेणारा. आणि ह्याची हवा आता नाकातून चालली होती.

त्याने कुणाला सांगितलं नाही. अंडी उकडताना लावायचं गजराचं घड्याळ उचलून खोलीत नेलं, दार लावलं, वाजवत राहिला. पहिल्या दिवशी एकतिसाव्या मिनिटाला शीळ आली. आठवड्याने सव्विसाव्या. महिन्याने एकोणिसाव्या. दर वेळी ती येण्याआधी टाळूच्या मागे काहीतरी मऊ झाल्यासारखं वाटायचं, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. आणि मग ती यायची. नुसतं घड्याळाकडे बघूनही त्याच्या तळहाताला घाम सुटू लागला. वाजवायला उभं राहण्याआधी तो तीनदा मोरीत जाऊन यायचा. रस्त्यात कुणी सायकलची हवा सोडली तरी हा दचकायचा.

मग सुरू झाली लबाडी. लांबडी उत्तरार्धातून पूर्वार्धात आली, पूर्वार्धातून एकदम पहिली. जिना लहान करून तिचा अर्धाच मजला उरला. चार शहाण्यांना त्याने पाठीच्या दुखण्याचं कारण सांगून कटवलं. मांजर तर दाराबाहेरच काढली.

पियानोवालीने दोन कार्यक्रम गप्प बसून बघितलं. तिसऱ्याच्या तालमीत तिने पियानोचं झाकण खाडकन बंद केलं.

"आधी लांबडी, मग मध्यंतर, मग पाच मिनिटांचं काहीतरी, की घरी. काय चाललंय तुझं? रात्रीची नोकरी धरलीयेस का कुठे?"

"वय झालं गं."

"वय माझंही झालं. मी काय नुसती डाव्या हाताने वाजवते का?"

"तू फुंकत नाहीस."

"म्हणजे फुंकण्यातलं आहे," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "काय आहे रे?"

त्याने वाद्य तोंडाला लावलं आणि वाजवत राहिला. ती झाकणावर हात ठेवून ऐकत बसली. सतराव्या मिनिटाला शीळ आली. ती हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, कारण एरवी ती मयतीत सुद्धा हसते.

"डॉक्टरकडे जा. उद्या. कुणाला कळत नाही, मागचं दार आहे त्यांना," एवढंच म्हणाली.

मागचं दार खरंच होतं. आत शिरल्यावर पाच खुर्च्यांची खोली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर वर्तमानपत्र उलटं धरून बसलेला वाद्यवृंदात ओबो फुंकणारा ओबोवाला. दोघांनी एकमेकांना बघितलं. बघितलं नाही असं करायला उशीर झाला होता.

"मेव्हणीचा कान," ओबोवाला म्हणाला.

"सासऱ्यांचं नाक," हा म्हणाला.

खोलीत मेव्हणीही नव्हती आणि सासराही नव्हता. दोघे अर्धा तास भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत बसले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या नाकातून दोऱ्याएवढी नळी आत घातली, नळीच्या टोकाला कॅमेरा, आणि म्हणाल्या, "आता वाजवा." आयुष्यात इतक्या वाईट अवस्थेत त्याने कधी लांबडी वाजवली नव्हती. समोरच्या टीव्हीवर टाळूचा गुलाबी पडदा वर उचललेला दिसत होता. ओळ लांबत गेली तसा तो पडदा थरथरू लागला, आणि त्याच्या मागच्या बाजूला, पडजिभेमागे, नखाच्या कोरीएवढी फट पडली. फटीतून थुंकीचे बारीक बुडबुडे वर आले.

"ती बघा तुमची हवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याला बघवेना. आपल्याच घराचं दार आपल्या डोळ्यांदेखत आतून कुणीतरी उघडतंय, तसं वाटलं.

"छाती दमत नाही तुमची, हा पडदा दमतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दाब धरून उभा आहे बिचारा. त्याला मध्येमध्ये सोडा. श्वास घेतलात की तेवढ्यात तो विसावतो."

"मी श्वास घेत नाही."

"मग घ्या की."

"तुम्हाला कळत नाहीये, बाई. मी श्वास न घेणारा म्हणूनच..."

"नाहीतर मागून शिवून टाकता येतो," त्या हात धूत म्हणाल्या. "शिवल्यावर सूर तोच राहील अशी खात्री मात्र मी कुणाला देत नाही. आणि असाच दाब दिलात, तर वर्षभरात तो पाच मिनिटंही धरणार नाही. मग शिवायलाही काही उरायचं नाही."

तीन आठवड्यांनी रविवारी, दुपारी चार वाजता, वाद्यवृंदाबरोबर लांबडीच ठरली होती. रेडिओवरून थेट. मायक्रोफोन कुठे असतो माहीत आहे? नाकापासून हातभर.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? ओळीत दोन श्वास घातले असते आणि मोकळा झाला असता. पण तीस वर्षं गाव ज्यासाठी टाळ्या वाजवतं, ते आपल्या हाताने मोडायचं म्हणजे काय, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. ह्याने दुसरीच युक्ती काढली. हवा नाकातून जाते ना? मग नाकच बंद. त्याने व्हॅसलीनमध्ये कापूस भिजवला, वळ्या केल्या, नाकपुड्यांत खोल सरकवल्या आणि आरशासमोर उभा राहिला.

बायको नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करते. ती दारातून बघत होती.

"नाकात कापूस एकदाच घालतात," ती म्हणाली. "आणि तोही दुसऱ्यांनी."

"गंमत करू नकोस."

"मी नाही करत. मला तो बघवत नाही, एवढंच." आणि ती आत निघून गेली. मग त्याच्या लक्षात आलं की तिला सगळं कधीचं माहीत आहे, गजराचं घड्याळ हरवल्यापासून.

शनिवारी तालीम होती. हात हलवून वाद्यवृंद चालवणारा तो काठीवाला, चौतीस वर्षांचा, अति नम्र मुलगा. त्याने काठी उचलली, व्हायोलिनं सुरू झाली. पहिला वेगवान भाग पार पडला. संथ भाग लागला. हा सूर धरण्यासाठी दाब देतो न देतो तोच कानात टक् झालं. मग दुसऱ्या कानात टक्.

नाकाची वाट बंद झाल्यावर हवेने कानाची धरली होती. वाद्यवृंद एकदम भिंतीपलीकडे गेला. काठी हलत होती, तारांवर गज फिरत होते, आणि ह्याला ऐकू येत होती फक्त स्वतःची नाडी, धडधड धडधड. त्याने अंदाजाने सूर टाकला. चार मात्रा आधी. शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक. खालचं सगळं एका गावाला, वरचा सूर दुसऱ्या.

काठी थांबली.

"सर, पुन्हा घ्यायचं का?"

ओठ हलताना दिसले म्हणून त्याला कळलं. पुन्हा घेतलं. पुन्हा टक्. ह्या वेळी दोन मात्रा उशीर. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. पहिली व्हायोलिनवाली, जिच्या चेहऱ्यावर कायम लिंबू पिळलेलं असतं, ती गज मांडीवर ठेवून सरळ त्याच्याकडे बघू लागली. आणि त्या क्षणी त्याला जी भीती वाटली ती आजवरच्या सगळ्या शिळांपेक्षा मोठी होती. शीळ आली तर लोक हसतील. पण असाच वाजवत राहिलो तर आपल्याला संगीतच ऐकू येणार नाही, आणि एका वर्षाने वाजवताही येणार नाही. तोंडात एवढी कोरड पडली होती की वाद्याच्या तोंडाची पाती, रीड, ओठाला चिकटली.

त्याने सगळ्यांसमोर बोट नाकात घातलं आणि एक वळी काढली. मग दुसरी. खिशात ठेवली. कुणीतरी "अगंबाई" म्हटलं.

"मला इथे श्वास घ्यावा लागणार आहे," तो म्हणाला.

वाक्य साधंच होतं. पण त्याच्या तोंडून ते ऐकणं म्हणजे पुतळ्याने खाली उतरून पाणी मागण्यासारखं होतं.

"कुठे सर?" काठीवाल्याने विचारलं.

"चार ठिकाणी." त्याचा आवाज फाटला. "तुम्ही मला सावकाश नेलंत, तर चार ठिकाणी."

"सोळाव्या मात्रेनंतर पहिला चालेल?" काठीवाला कागदात वाकला. "आम्ही थांबू तिथे. जरासे."

वाद्यवृंदात अशी पद्धत आहे की सोलोवाला जिथे श्वास घेणार, तिथे सगळे आपापल्या कागदावर पेन्सिलीने स्वल्पविराम काढतात, म्हणजे कुणी त्याला सोडून पुढे पळत नाही. त्या दिवशी बावीस स्टँडवर पेन्सिली खरखरल्या. ह्या माणसासाठी त्या आजवर कधीच हलल्या नव्हत्या. त्याला तो आवाज अंगावर ओरखडे ओढल्यासारखा वाटला.

"आणि आम्ही समजत होतो ह्यांना माशासारखे कल्ले आहेत," व्हायोलिनवाली शेजारणीला म्हणाली. पण तिचा स्वल्पविराम सगळ्यांत ठळक होता, हे स्वरांचे कागद सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कागदवाल्याने नंतर सांगितलं.

रविवारी चारला सभागृह भरलं. कपडे बदलायच्या खोलीत त्याने बुटाची नाडी तीनदा बांधली आणि तीनदा ती सुटली. रंगमंचावर मायक्रोफोन उभा होता, एका पायावर, साप उभा राहावा तसा. तिसऱ्या रांगेत घड्याळवाले होते. पियानोवाली घरी रेडिओला कान लावून बसली असणार. बायको सातव्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून.

संथ भाग आला. सूर शून्यातून निघाला. सोळा मात्रा. टाळूमागचा तो मऊपणा येऊ लागला, येऊ लागला, आणि त्याने सूर सोडला. हवा आत घेतली. उघड, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. वाद्यवृंद थांबला होता. तिसऱ्या रांगेतून एक "च्च" आला, भांडं पडल्यावर सासू करते तसा. त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला. पण पडदा वर गेला होता. घट्ट. तो पुढे गेला. दुसरा स्वल्पविराम. तिसरा. चौथा. भाग संपला, आणि शीळ आली नव्हती.

शेवटच्या वेगवान भागात त्याने एकही खूण केली नव्हती. तिथे थांबे भरपूर आहेत, धोका नाही, असं त्याने धरलं होतं. शेवटचं पान उलटलं आणि टाळूमागची पायरी नाहीशी झाली.

स्स्स्.

मायक्रोफोन हातभरावर. थांबता येत नव्हतं, लपता येत नव्हतं. तो वाजवत राहिला. वर सूर पळत होते आणि त्यांच्या मागून ती शीळ, ओढत नेलेल्या पिशवीसारखी, शेवटच्या ठोक्यापर्यंत. मग टाळ्या. किती खऱ्या, किती दयेच्या, त्याला कळेना. तो वाकला तेव्हा डोकं इतकं हलकं झालं की स्टँड धरावा लागला.

खोलीत बायको आली. त्याने कोट काढला नव्हता.

"आवाज आला ना?" त्याने विचारलं.

"आला."

"कुठपर्यंत?"

"सातव्या रांगेपर्यंत तरी. माझ्या शेजारच्या बाईंनी वर पंख्याकडे बघितलं."

"रेडिओवर?"

"रेडिओवर तर आला असणारच," ती म्हणाली, आणि त्याचे थंडगार हात आपल्या हातात घेतले. खोटं ती बोलत नाही, नोंदवहीची सवय.

"बुधवारी पुन्हा आहे," तो म्हणाला. "अजून नाही म्हणता येईल. पाठीचं कारण आहेच."

तेवढ्यात कागदवाला बावीस प्रतींचा गठ्ठा दोरीने बांधून दारात आला. "तुमची प्रत द्या, की कपाट लावून घरी जातो."

क्लॅरिनेटवाल्याने आपली प्रत छातीशी धरली. दिली की सुटका, बुधवारी दुसरं कुणी वाजवेल. तो तसाच उभा राहिला, मग त्याने ती टेबलावर ठेवली, शेवटचं पान काढलं आणि पेन्सिल मागितली. स्वल्पविराम वेडावाकडा निघाला.

"गठ्ठा सोडा," तो म्हणाला. "इथे एक हवा."

"आता? बावीस प्रती आहेत अहो! तीस वर्षं तुम्हाला श्वास लागत नव्हता, आणि आता एकदम पाच?"

त्याने पान मागे उलटलं, ओळीवरून बोट फिरवत नेलं, एका जागी थांबला.

"सहा," तो म्हणाला.